मराठीत लिहिलेली धास्ती

वासण्याच्या आमच्या गुजराती सोसायटीत मराठी घर आमचं एकटंच. त्याचा मला कधी त्रास झाला नाही, उलट सोयच होती. जिन्यात उभं राहून नवऱ्याशी मराठीत खुशाल भांडता यायचं.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत त्याला ताप आला. कारखान्यात शिफ्टला जायचा, तिथूनच आणला असणार. आम्ही कोणाला सांगितलं नाही. समोरच्या इमारतीत एका घराला बांबू बांधले होते, आणि त्या घरातल्या मुलांकडे लोक बाल्कनीतून असे बघायचे की मला धडकीच भरली होती. म्हणून सोसायटीच्या ग्रुपवर रोज सकाळी 'बधुं सारुं छे', म्हणजे सगळं ठीक आहे, असं लिहायचं, खाली दोन हात जोडायचे आणि मोकळं व्हायचं.

सारुं काही नव्हतं. तो आतल्या खोलीत, मी बंद दाराबाहेर खुर्ची टाकून. ऑक्सिमीटरवरचा आकडा तो आतून ओरडून सांगायचा. खरा सांगतोय की माझी समजूत घालतोय, काही कळायचं नाही. करजणला आई हृदयाची पेशंट, तिला सांगणं शक्य नव्हतं. बहिणीला सांगावं तर ती माझ्याआधी रडायला लागणार.

शेवटी एका दुपारी मी ते सगळं स्टेटसवर लिहून टाकलं. आईकडे साधा फोन होता आणि बहिणीला मी यादीतून वगळलं. राहिले शेजारी. त्यांना कळू नये म्हणून मुद्दाम चांगलं ठेठ मराठी लिहिलं. 'जीव टांगणीला लागलाय. दाराला कान लावून त्याचा श्वास ऐकत बसते. तो थांबला तर मी काय करू?'

थोड्या वेळाने पाहिलं, तर तळमजल्यावरच्या काकींनी ते बघितलं होतं. मुलगा कॅनडात, या इथे एकट्या. भाजीवाल्याला फाटकाबाहेर उभा करून त्याच्या वांग्यांवर सॅनिटायझर फवारणाऱ्या बाई! स्टेटस पुसायला घेतलं तेवढ्यात त्यांचाच फोन आला.

"अगं, आकडा किती आहे?"

अस्सल मराठी. मी चाचरत म्हटलं, "काकी, तुम्हाला मराठी येतं?"

"माझं माहेर दांडिया बाजारातलं, बेटा. आजूबाजूला सगळे मराठीच. तुझी जिन्यातली भांडणंपण समजतात मला." मग म्हणाल्या, "पुसू नको. रोज लिही. मी वाचेन. कोणाला नाही सांगणार."

मी रोज लिहू लागले. कधी नुसतंच 'आज फार भीती वाटते'. काकी उत्तर द्यायच्या नाहीत. बघणाऱ्यांत त्यांचं नाव दिसलं की मी उठून कुकर लावायची. भीती गेली नव्हती, पण ती आणखी कोणाला तरी माहीत होती.

आकडा हळूहळू चढत गेला. एक दिवस नवरा खोलीबाहेर येऊन जेवायला बसला आणि वरणात मीठ कमी आहे म्हणाला. मी त्याच्यावर खेकसले आणि मग ओक्साबोक्शी रडले. दुपारी स्टेटस टाकलं, 'आमचं माणूस ताटावर बसलं.'

संध्याकाळ झाली तरी काकींनी ते बघितलं नव्हतं. फोन केला, उचलला नाही. पुन्हा केला. मग सोसायटीचा ग्रुप उघडून वर सरकवत गेले. सकाळी त्यांनी लिहिलं होतं, 'बधुं सारुं छे'. खाली दोन जोडलेले हात.

मी मास्क चढवून खाली धावले. बेल दाबली, दार ठोठावलं. मग आतून चपला घासत येण्याचा आवाज आला, दारापाशी थांबला. दार उघडलं नाही. खोकल्याची मोठी उबळ आली आणि ती ओसरल्यावर अगदी हळू आवाजात काकी मराठीत म्हणाल्या, "कोणाला सांगू नको हं."

मी तिथेच पायरीवर बसले.

"नाही सांगत, काकी," मी म्हटलं. "आकडा किती आहे?"