परत म्हणून दाखव

आमच्या घरात नुसतं 'हो' म्हटलेलं चालत नसे. बाबांनी सांगितलं, "येताना मंडईतून मेथीची जुडी आण," की उत्तर द्यायचं, "येताना मंडईतून मेथीची जुडी आणते." 'हो' म्हणून सटकायला गेलं की मागून आवाज यायचा, "परत म्हणून दाखव." बाबा हवाई दलात वैमानिक होते. खालून आलेली सूचना वैमानिकाने जशीच्या तशी परत म्हणायची, तेव्हाच ती पोचली असं तिथे धरतात. विमानात ठीक आहे हो, पण मेथीला कशाला एवढा थाट? मैत्रिणींसमोर मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

मी शाळेत असतानाच त्यांनी हवाई दल सोडलं. "पुष्कळ उडून झालं," एवढंच म्हणाले. आम्ही पुण्यात आलो आणि ते कसबा पेठेजवळच्या एका शाळेत गणित शिकवायला लागले. वर्गातही तोच खाक्या. "उभा राहा, माझ्याकडे बघ, परत सांग, मोठ्याने." मुलं टरकून असत. पालक मात्र खूश, कारण मास्तर खडूस असला की तो चांगलाच असणार, असं आपल्याकडे धरूनच चालतात.

पुढे मला हिंजवडीत नोकरी लागली. तेव्हा तिकडे निम्मी शेतं होती आणि निम्म्या काचेच्या इमारती. पहिल्या दिवशी परतताना कंपनीच्या बसमधून मी नव्याकोऱ्या मोबाइलवरून घरी फोन लावला. बाबांनी उचलला. मी इतकी हरखले होते की शेजारचा बघतोय याचंही भान नव्हतं, एका दमात काय काय बोलत सुटले. माझं संपलं. मग बाबा म्हणाले, "बरं. आईला देतो."

मला जे लागलं ते लागलं. ज्या माणसाला मेथीची जुडी परत म्हणून हवी, त्याला मुलीच्या नोकरीबद्दल विचारायला एक शब्द नसावा? नंतर काही सांगायला गेले की "परत सांग" म्हणायचे, आणि माझं डोकं फिरायचं. "बाबा, हे काय विमान आहे का?" हळूहळू मी सांगणंच सोडलं. बढती, परदेशची संधी, ती नाकारली ते, सगळं आईला सांगायचे. आई ते त्यांच्यासमोर उभी राहून, हातवारे करत, खणखणीत आवाजात त्यांना सांगायची. मला वाटायचं, आईचा आवाजच तसा.

ते शाळेतून निवृत्त झाल्यावर एका सकाळी कुकरच्या शिट्ट्यांवर शिट्ट्या झाल्या, डाळ करपून घरभर धूर झाला, आणि बाबा दोन हातांच्या अंतरावर बसून शांतपणे पेपर वाचत होते. मी त्यांना जवळजवळ ओढतच कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. तपासणी झाल्यावर डॉक्टर म्हणाले, "हे आजचं नाही, फार जुनं आहे. इंजिनांच्या आवाजात काम केलंय का कुठे?" बाबा खाली फरशीकडे बघत राहिले.

घरी येऊन मी आईला धारेवर धरलं. ती पदराला हात पुसत म्हणाली, "त्यामुळेच तर त्यांचं उडणं बंद केलं होतं. शाळेला कळलं तर शिकवणंही जाईल, म्हणून कोणाला बोलू नकोस म्हणाले."

"मी 'कोणी' झाले का गं?"

"तू लहान होतीस तेव्हा. मग राहूनच गेलं."

राहूनच गेलं! मी दार आपटून खोलीत गेले आणि पोटभर रडले. समोरच्याचे ओठ दिसले की त्यांचं निभायचं. फोनवर ओठ कुठून दिसणार? ती शिस्त नव्हतीच, निदान पुढे पुढे तरी नव्हती. ज्याला ऐकू येत नव्हतं तो माणूस आम्हाला विनवत होता, आणि आम्ही त्या विनवणीला लष्करी खाक्या म्हणत होतो. त्यांचाही राग आला. अहो, सांगायचं ना! एकदा तरी सांगायचं!

कानाचं यंत्र आलं त्या संध्याकाळी ते माझ्यासमोर खुर्ची ओढून बसले. यंत्र एकदा चाचपलं. विद्यार्थ्याने शंका विचारावी तसं, जरा अवघडून म्हणाले, "तुझा नोकरीचा पहिला दिवस होता. बसमधून फोन केला होतास. खूप वेळ बोलत होतीस. काय म्हणाली होतीस गं?"

इतकी वर्षं त्यांनी ते मनात धरून ठेवलं होतं. आणि मला त्यातला एक शब्द आठवेना. देवाशपथ, एकही नाही. फक्त "आईला देतो" तेवढं लख्ख आठवत होतं.

ते वाट बघत होते. मग मी तोंडाला येईल ते जुळवलं. "म्हटलं होतं, बाबा, ऑफिस खूप मोठं आहे. मला खिडकीजवळची जागा मिळाली. तिथून डोंगर दिसतो. आणि मला सगळ्यात आधी तुम्हालाच सांगायचं होतं."

माझ्या ओठांकडे न बघता, डोळे मिटून त्यांनी ऐकलं. मग सावकाश, एकही शब्द न गाळता, परत म्हणून दाखवलं. "ऑफिस खूप मोठं आहे. तुला खिडकीजवळची जागा मिळाली. तिथून डोंगर दिसतो. आणि तुला सगळ्यात आधी मलाच सांगायचं होतं."

"हो," मी म्हणाले.