नातीच्या दाढा आणि माझे बारा दिवस

परवा सकाळी डॉ. नाझनीनच्या दवाखान्यात गेलो होतो. रत्नागिरीत तीस वर्षे दात सरळ करण्याचे काम केल्यावर, स्वतःच्या नातीला घेऊन दुसऱ्याच्या बाकावर बसायची वेळ आली... आणि ती दुसरी व्यक्ती म्हणजे मिरकरवाड्याची, चार वर्षे माझ्याच हाताखाली काम केलेली मुलगी.

नात मुक्ता, वय चौदा. तिचे वरचे सुळे जागेअभावी बाहेर आले आहेत. माझे मत स्पष्ट होते, सुळ्यांमागच्या दोन उपदाढा काढाव्यात म्हणजे जागा होईल. नाझनीन म्हणाली, एकही दात काढायचा नाही. गालाकडच्या हाडात दोन बारीक स्क्रू बसवायचे, त्यांच्या आधाराने एकापुढचा एक असे पारदर्शक ट्रे लावायचे आणि वरच्या दाढाच मागे सरकवायच्या... सूनबाईंनी तिचे ऐकले.

मला मत्सर वाटला. त्याला तात्त्विक मतभेद असे नाव देऊन मी काही महिने काढले.

दाढा मागे सरकवण्याचे हेच काम मी आयुष्यभर मानेमागून पट्टा येणाऱ्या हेडगिअरने केले. मुले ते दप्तरात ठेवत आणि घातल्याचे तास वहीत खोटे लिहून आणत. पट्ट्याला खोबरेलाचा वास नसला की मी ओळखत असे. नाझनीनचे ट्रे तर डोळ्यांना दिसतही नाहीत, आणि दर भेटीत दाढ थोडी मागे गेलेली असे...

मग मे महिना आला. घरात आंबे, फणसाचे गरे, मुंबईहून आलेली भावंडे. ट्रे दिवसाचे बावीस तास तोंडात हवा, फक्त खाताना काढायचा; आणि आमच्याकडे खाणे संपतच नाही. एके दिवशी मुक्ताची डबी उघडी दिसली. आतला ट्रे काचेसारखा लख्ख होता... वापरलेला ट्रे चार दिवसांत धुरकटतो.

मी बोललो नाही. दुसऱ्याच्या रुग्णात डॉक्टरने लक्ष घालू नये. न विचारता मत देऊ नये. मुलगी आपली जबाबदारी समजण्याइतकी मोठी आहे. तिन्ही विधाने योग्य होती. निष्कर्ष मात्र मी आधीच ठरवलेला होता. असे बारा दिवस गेले.

परवा दवाखान्यात पुढचा ट्रे बसेना. “घालतेस ना गं नीट?” नाझनीनने विचारले. मुक्ताने होकारार्थी मान हलवली. “सरांच्या घरातली तू, तुला काय विचारायचं,” म्हणत नाझनीनने चिमट्याने स्क्रू हलवून पाहिला. घट्ट होता. दुसराही घट्ट. मग ती बराच वेळ एक्स-रे पाहत राहिली.

“सर, माझंच चुकलं बहुतेक. दाढा परत पुढे आल्यात. उपदाढा काढायला लागतील... तुम्ही म्हणालात तसंच.”

हे वाक्य मला कित्येक महिने हवे होते. ते मिळाले तेव्हा मुक्ता जिभेने आपल्या उपदाढा चाचपत होती... गालावरून मला दिसले.

“तिने ट्रे घातलेला नाही,” मी म्हणालो. “तुझे काही चुकलेले नाही. मला माहीत होते.”

“कधीपासून, सर?”

“बारा दिवस.”

नाझनीनने चिमटा खाली ठेवला. मुक्ताच म्हणाली, “आजोबा, मग ओरडला का नाहीत?”

माझ्या तीन विधानांपैकी एकही तिला सांगण्याजोगे नव्हते.

आता मागचा ट्रे पुन्हा घालायचा आहे. दोनेक महिने वाढले, पण दात वाचले. निघताना नाझनीनने एक कोरी वही माझ्या हातात दिली. “तास तुम्ही लिहा, सर. तुमच्याइतकं कडक कोण लिहिणार?” हा टोमणा होता की क्षमा, हे अजून ठरवता आलेले नाही...

मत्सर गेला, असे लिहिणार नाही. जे मला कधी नीट साधले नाही ते तिला साधणार, आणि त्याचा पुरावा रोज माझ्याच अक्षरात उमटणार. तरीही ती वही तिने माझ्याकडे सोपवली, याबद्दल मी तिचा ऋणी आहे.

काल एकवीस तास भरले. एक तास आंब्यात गेला. तसेच लिहिले आहे.