समुद्र ओलांडून आलेली बाई

ऐंशीच्या दशकात एका सकाळी कळंबच्या किनाऱ्यावर कापडी पंखांचं इवलंसं विमान उतरलं. त्यातून एक गोरी बाई लंगडत बाहेर आली. पाय आखडले होते तिचे. अरबस्तानाहून ती एकटी समुद्र ओलांडून आली होती आणि मुंबई गाठण्याआधीच पेट्रोल संपत आलं होतं.

भरती चढत होती. बोंबील वाळवणारी एक आजी ओरडली, "पानी आलं! बगता काय, उचला!" आम्ही सात-आठ जणांनी विमान उचलून सुरूच्या झाडांत नेलं. ती बाई पंखावर हात ठेवून, गाय थोपटावी तशी त्याला थोपटत चालली होती.

मी शाळामास्तर, त्यामुळे दुभाषा झालो. आजीने विचारलं, "एकटीला भ्या नाय वाटलं?"

बाई हसली. "खूप वाटलं. म्हणून मोठ्याने गात आले. माझा आवाज इतका बेसूर आहे, की घरी कुणी गाऊ देत नाही. समुद्राने ऐकून घेतलं."

"मंग आता गा," आजी म्हणाली.

ती गायली. खरंच भयंकर गायली. पोलिसांची जीप आली तरी कुणी उठलं नाही, आणि आजी म्हणत होती, "अजून एक!"

तिचं नाव विचारायचं मात्र राहूनच गेलं.