जांभळी डाग

पिकल्या जांभळांचा वास आला की रोह्याजवळचा तो मळा आठवतो. तिथे जांभळाची वाइन करायचे आणि पाहुण्यांना घोड्यावरून बाग दाखवायचे. घोडा जवळून बघून माझा नवरा म्हणाला, "काय डोळे आखलेत गो! मला नाय जमायचे." हमरापुरात गणपतीचे डोळे आखण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. फेरीनंतर हातात दिलेला वाइनचा पेला थरथरला, शर्टावर सांडला. वाट दाखवणारा म्हणाला, "काकांना चढली वाटतं!" आखणीच्या दिवसांत तो दारूला शिवत नसे, पेल्याला त्याने ओठही लावला नव्हता. हे ठाऊक असूनही मी हसले. आता आमच्या मूर्तींचे डोळे दुसरं कुणी आखतं, आणि पाण्याचा पेला त्याच्या ओठांशी मी धरते.