चकाकी काढून मिळेल का?

धाकट्या भावानं परदेशातून येताना मला घडीचा चाकू आणला. साडी आणली असती तर कपाटात गेली असती. चाकू थेट पर्समध्ये गेला. पातं बोटभर लांब, आणि त्याला पॉलिश असं की पेरू कापायच्या आधी आपल्याच नाकाची भेट व्हावी.

सकाळी रंकाळ्यावर फिरून झालं की आम्ही चार-पाचजणी कट्ट्यावर बसतो आणि काहीतरी फळ कापून खातो. चाकू आला त्या आठवड्यापासून फळ मागं पडलं. "बघू जरा," म्हणून एकजण तो घ्यायची आणि दातात अडकलेली कोथिंबीर काढायची. दुसरी टिकली सरळ करायची. परत माझ्याकडे येईपर्यंत पात्यावर सगळ्यांच्या बोटांचे ठसे. मी ते पदरानं पुसायचे, की आरसा पुन्हा तयार.

एके दिवशी मी फोडी करत होते. समोरच्या बाकावर एक आजोबा डोळे मिटून प्राणायाम करत बसले होते. एकाएकी त्यांनी धरलेलं नाक सोडलं आणि ओरडले, "ओ बाई! आवरा तो आरसा! डोळं मिटल्यात तरी आत ऊन पडालंय!"

मैत्रिणी हसून लोळल्या. मी गुपचूप चाकू मिटला आणि घरी आल्या आल्या जाहीर केलं, "या पात्याची चकाकी काढायची."

आमचे हे एका फौंड्रीत इन्स्पेक्शनला होते. म्हणजे दुसऱ्यानं केलेल्या कामातली खोट शोधून त्यावर खडूनं फुली मारायची, ही त्यांची जन्मभराची नोकरी. निवृत्त होऊन वर्ष झालं होतं आणि फुली मारायला घरात मी एकटीच उरले होते. बाकी वेळ ते टीव्हीसमोर बसायचे, पण टीव्ही बघायचे असं काही मला वाटत नाही.

"चकाकी आणायची असते. काढायची नसते," ते वर्तमानपत्राआडून म्हणाले.

"लोकांच्या डोळ्यांवर येते."

"मग सावलीत बसत जा."

मी सरळ उद्यमनगर गाठलं. तिथं एका बोळात पॉलिश करणाऱ्याचं पत्र्याचं शेड आहे. माणूस साठीचा, डोक्यापासून पायापर्यंत काळ्या भुकटीनं माखलेला, आणि त्याच्यापुढं मोटरवर कापडाचं चाक गरगर फिरत होतं. त्यानं हात पुसले, चाकू उघडला आणि उजेडात धरून मान डोलावली.

"झ्याक काम हाय. काय करायचंय ह्याला?"

"चकाकी काढून मिळेल का?"

त्यानं मोटरचं बटण बंद केलं. "काय म्हनला?"

मी पुन्हा सांगितलं.

"वैनी, पस्तीस वर्सं ह्या चाकापुढं हुबा हाय. लोकं काळंकुट्ट घिऊन येत्यात, मी चमकवून देतो. चमकतंय ते घालवायला पयल्यांदाच कोन आलं. माझ्या हातनं न्हाय व्हायचं ते पाप."

माझा चेहरा पडला असावा, कारण त्यानं स्टूल पुढं सरकवलं. "बसा. घरीच करा तुमी. सोपं हाय, निस्तं कंटाळवानं हाय." मग त्यानं रीत सांगितली. पॉलिश पेपर आणायचा, आधी चारशे नंबरचा, मग सहाशेचा. तो लाकडाच्या ठोकळ्याला गुंडाळायचा, वर थेंबभर तेल टाकायचं आणि एकाच दिशेनं ओढायचा. "मागं-पुढं करायचं न्हाय. भांडी घासल्यागत गोल तर अजिबात न्हाय. आन् धारंकडं ध्यान द्या."

पॉलिश घालवायला पॉलिश पेपरच लागतो याची मला मोठी गंमत वाटली. धारेचं म्हणाल तर माझी बोटं कापू नयेत म्हणून सांगतोय, असं समजून मी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाल्कनीत बैठक मारली. तुटक्या पोळपाटाचा तुकडा ठोकळा म्हणून घेतला, खोबरेल तेलाची बाटली घेतली. पहिला हात ओढताना नव्या गाडीवर खिळा फिरवल्यासारखं काळीज चरकलं. दहाव्या हाताला मजा यायला लागली. अंघोळीनंतर न्हाणीघरातला आरसा धुरकटतो तसं पातं धुरकट झालं, माझं नाक दिसेनासं झालं. वरच्या पाठीकडून खाली धारेकडे बारीक राखाडी रेघा उमटत गेल्या, रेशमी कापडासारख्या.

खुर्चीतून यांची तपासणी चालूच होती. "डाव्या कोपऱ्यात राहिलंय." "दाब सारखा नाही." "हात मधेच उचलतेस."

"मग तुम्ही करा की!"

"माझं काम बघायचं."

दुपारपर्यंत एक बाजू झाली. जेवून मी आडवी झाले. जाग आली ती खर्र खर्र आवाजानं. बाल्कनीत जाऊन बघते तर हे वर्तमानपत्र अंथरून खाली बसलेले, चष्मा नाकाच्या टोकावर, जीभ ओठाच्या कोपऱ्यात, आणि पात्याची दुसरी बाजू जवळजवळ पुरी केलेली. मी आलेलं त्यांना कळलंसुद्धा नाही. माझ्या रेघा आडव्या होत्या. त्यांनी मुठीकडून टोकाकडे उभ्या ओढल्या होत्या.

"अहो, हे काय? एका पात्याला दोन तऱ्हा!"

ते दचकले. "लांबीतच घासायचं असतं."

"सकाळी का नाही सांगितलंत?"

"विचारलं नाहीस."

मी चाकू हातातून काढून घेतला, त्यांचाच चष्मा माझ्या नाकावर चढवला आणि पातं उजेडात फिरवलं. मुठीजवळ स्वल्पविरामाएवढा ओरखडा सापडला.

"रिजेक्ट," मी म्हणाले.

हा शब्द त्यांनी हजारो वेळा उच्चारला असेल, पण ऐकायची पाळी पहिलीच. "रिजेक्ट कसं? एवढं चालतं! आण इकडं!" ते इतक्या मोठ्यानं ओरडले की शेजारच्या काकू बाल्कनीत आल्या. वर्षभरात यांचा एवढा आवाज मी ऐकला नव्हता. मला इतकं बरं वाटलं की मी लगेच चाकू परत दिला.

कुणाची बाजू चांगली यावर आमचं काही एकमत होईना. शेवटी दुसऱ्या दिवशी स्कूटरवरून दोघंही उद्यमनगरला गेलो. त्या पॉलिशवाल्यानं दोन्ही बाजू निरखल्या आणि एक कागद उचलून पात्यानं कापून बघितला. कागद नुसताच दुमडला.

"बाजू दोनीबी बऱ्या हायत की. पर धार कुटं गेली?"

आम्ही एकमेकांकडे बघितलं.

"मी म्हनलो न्हवतो, धारंकडं ध्यान द्या?"

"मला वाटलं, बोटं जपायला सांगताय."

"बोटं जपली व्हय! आता ह्येनं लोनीबी कापायचं न्हाय."

त्यानं दगड काढला, पाणी शिंपडलं आणि धार लावायला बसला. हे त्याच्याशेजारी उकिडवे बसले. पातं किती तिरकं धरायचं, कळतं कसं, दगड कुठला, असे प्रश्न सुरू झाले. चहा आला, गार झाला, पुन्हा मागवला. मी स्टुलावर बसून दोघांची डोकी बघत होते. खोट शोधणारं एक आणि चकाकी आणणारं एक, दोन्ही एका चाकूवर वाकलेली.

निघताना तो यांना म्हणाला, "पावनं, रिकामं असला तर येत जावा की."

हे खरंच जायला लागले, आणि आता आठवड्यातून दोनदा जातात. माझा चाकू उत्तम कापतो. घरात मात्र कुठलीच वस्तू सुरक्षित राहिलेली नाही. आधी स्टीलच्या डब्याच्या झाकणाची चकाकी गेली, मग वाट्यांची. परवा घरी एक पाहुण्या बाई आल्या, त्यांच्यापुढं मी पाण्याचा तांब्या ठेवला. त्यांनी तो उचलून इकडून तिकडून बघितला. "नवीन आणला काय? कुठला म्हणायचा हा धातू?"

आतल्या खोलीतून हे ओरडले, "ठेवा खाली! अजून तळ राहिलाय!"