पुलाच्या अलीकडची गावं

लेकीला खरं तर युरोपात जायचं होतं. कॉलेजच्या मैत्रिणी सायकली घेऊन निघाल्या होत्या. नाश्ता एका देशातल्या गावात, जेवण दुसऱ्या देशात, मधे साधं फाटकही नाही. पण हिच्या पासपोर्टवरचा अमेरिकेच्या व्हिसाचा शिक्का संपलेला. बाहेर पडली असती, तर वकिलातीत नवीन शिक्क्याची तारीख मिळेपर्यंत तिकडेच अडकली असती. मग मी अक्कल पाजळली, "टेक्ससलाही बॉर्डर आहे की. आपण दोघं तिथे सायकल चालवू." ती 'ओके' म्हणाली. नाही म्हणाली असती तर बरं झालं असतं.

टेक्ससमधल्याच आमच्या प्लेनोहून गाडीला सायकली बांधल्या, दिवसभर ड्राइव्ह केलं आणि दुसऱ्या दिवशी नदीकाठच्या रस्त्याला लागलो. जुलै महिना. सकाळी दहालाच डांबर पाघळायला लागायचं. बाटलीतल्या पाण्यात चहाची पावडर टाकली असती तर चहा झाला असता. गावं तरी कसली? एक चर्च, एक बंद दुकान आणि सावलीला आडवं झालेलं एखादं कुत्रं. नदीपलीकडे मेक्सिकोतही तसंच चर्च आणि तसंच कुत्रं.

अकरा दिवसांनी तिला एकवीस वर्षं पूर्ण होणार होती. आमच्या व्हिसावर मुलं तोवरच राहू शकतात. ग्रीन कार्डच्या रांगेत आमचा नंबर अजून लागला नव्हता, आणि वाढदिवशी ती त्या रांगेतूनही बाहेर पडणार होती. धाकटा इथेच जन्मला, त्याचा काही प्रश्न नाही. ही आली तेव्हा दीड वर्षाची होती. आता पुढच्या शिक्षणासाठी स्टुडंट व्हिसाचा फॉर्म भरून ठेवला होता, फक्त तिची सही हवी होती. सही केली तर राहील, नाही केली तर जाईल. फॉर्म महिनाभर डायनिंग टेबलवर पडून होता. "सायकलवर असताना विचार तिला, तुझं ऐकेल," बायको म्हणाली होती. मी दोन दिवस विचारलंच नाही.

मला काही वाटतच नव्हतं, हे जास्त वाईट होतं. चहात साखर जास्त पडली तरी माझं डोकं फिरतं, आणि इथे राग नाही, रडू नाही. पाय फिरत होते, एवढंच.

तिसऱ्या दिवशी बॉर्डरवाल्यांची जीप शेजारी येऊन थांबली. आतल्या माणसाने लेकीला विचारलं, कुठून आलात? "प्लेनो," ती अस्सल टेक्सन सुरात म्हणाली. तो हसला, पाणी पीत राहा म्हणाला. तेवढ्यात मी पिशवीतून सगळे ओरिजिनल कागद काढून त्याच्यापुढे धरले. विचारलं नसताना. त्याने शांतपणे पाहिले, परत दिले आणि गेला. "बाबा, यार," लेक म्हणाली, "त्याने मागितले तरी होते का?"

दुपारी एका गावात पूल लागला. लोक चालत पलीकडे जात होते आणि जेवून परत येत होते. आम्ही अलीकडे एका भिंतीच्या सावलीत चिवडा खात बसलो. फॉर्मचं विचारायचं म्हणून तोंड उघडलं आणि भलतंच बाहेर पडलं.

"तू लहान होतीस तेव्हाच कंपनीने विचारलं होतं, ग्रीन कार्डचा अर्ज करायचा का. मी म्हणालो, कशाला, दोन वर्षांत परत जायचंय. असं चार वर्षं म्हणत राहिलो. तेव्हा केला असता तर आपला नंबर कधीच लागला असता."

आमच्यात तेव्हा सगळेच असं म्हणायचे. सोफा घ्यायचा तो कुणीतरी वापरलेला, भिंतीला खिळा ठोकायचा नाही, कारण दोन वर्षांत परत जायचंय. प्रत्येक गणपतीला, प्रत्येक बार्बेक्यूला तेच. आणि मी ते मनापासून म्हणायचो हो, देवाशप्पथ.

ती पुलाकडे बघत होती. "मग गेलो का नाही?" तिने विचारलं.

रागाने नाही. साधं विचारलं. कारणं होती माझ्याकडे. प्रमोशन, घर, धाकट्याची शाळा. मी चिवड्याची पिशवी बांधायला लागलो.

ती म्हणाली, "मी सही नाही करत, बाबा. आय ॲम डन. मी नागपूरला जाते, आत्याकडे."

"अगं, तिथलं काय माहितीये तुला?"

"काहीच नाही," ती म्हणाली आणि हेल्मेट घालायला लागली.

वाढदिवसाच्या दोन दिवस आधी तिचं विमान होतं. तिघं तिला सोडायला गेलो. बायको आणि धाकटा रडले. मी बॅगेचं वजन नीट आहे ना, एवढंच दोनदा विचारलं. घरी आलो, गाडी गॅरेजमध्ये लावली आणि ऑफिसच्या कॉलवर बसलो. कुणीतरी विचारलं, घरी सगळे कसे आहेत? मी म्हणालो, मजेत. मुलगी परत गेली, आम्ही इथेच आहोत.