पाळणाघरानं मुलगी बिघडली, त्याची गोष्ट

माझी मुलगी तीन वर्षांची असताना भर पंगतीत आमच्या प्राचार्यांना जे बोलली, ते तिला मी शिकवलं होतं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही. मुलीला तर नाहीच.

ऐंशीच्या दशकाची अखेर असेल. आम्ही जळगावला पिंप्राळ्यातल्या एका नव्या कॉलनीत राहत होतो. बायको टेलिफोन खात्यात, माहेर नाशिकचं. मी अध्यापक विद्यालयात बालमानसशास्त्र शिकवायचो. ‘मूल अनुकरणाने शिकते’ हे वाक्य दरवर्षी फळ्यावर लिहून त्याखाली दोन रेघा ओढायचो. मी मूळचा शिरपूरकडच्या खेड्यातला, अहिराणीत वाढलेला. पण नोकरी लागली तशी ती बोली गावच्या घरी खुंटीला टांगून आलो. कॉलनीत सगळ्यांनीच तसं केलं होतं. कुणी साक्रीचा, कुणी शिंदखेड्याचा, कुणी अमळनेरचा, आणि बोलायचे असे की जणू प्रत्येकाचं बारसं पुण्यात झालं.

गल्लीच्या टोकाला अक्का पाळणाघर चालवायच्या. अक्का अकोल्याकडच्या, नवरा रेल्वेत. दोन खोल्या, पुढे ओटा, सात-आठ मुलं. बाहेरच्या खोलीत बुद्धाची तसबीर होती. मूल सोडायला आलेल्या बायका तिच्याकडे बघत नसत, म्हणजे नीट बघत. अक्कांनी चहाचं विचारलं की सगळ्यांना नेमकी घाई असायची. मलाही असायची.

तिथे जायला लागल्यापासून मुलगी बदलली. चपला जोडीनं ठेवायला लागली. गिलक्याची भाजी मुकाट खायला लागली. धुळ्याहून माझी बहीण आली, तिला पोरीनं न सांगता पाण्याचा पेला नेऊन दिला. बहीण म्हणाली, “वळण लागतं ते घरचंच हो!” मी विनयानं मान हलवली. त्याच संध्याकाळी पोरीनं शेजारच्या मुलाला चावा घेतला. बहीण म्हणाली, “पाळणाघर! दुसरं काय!” मी पुन्हा मान हलवली.

बायकोची सकाळची पाळी असली की घरात आम्ही दोघंच. मी पोरीपुढे दूध-बिस्किटाची वाटी ठेवायचो, वाटीवर पंजा दाबायचो आणि डोळे वटारून विचारायचो, “हाई तुना बापनं शे का?” म्हणजे हे तुझ्या बापाचं आहे का? ती वाटी ओढून ओरडायची, “मना बापनंच शे! बठ्ठं मना बापनं शे!” सगळं माझ्या बापाचंच. मग हसता हसता निम्मं दूध सांडायचं. माझी आई मला असंच खेळवायची. त्या घरात माझ्याशी अहिराणी बोलणारं एवढं एकच माणूस होतं, आणि त्याला अजून स्वतःचं नाक पुसता येत नव्हतं. बायको यायच्या आत मी फरशी पुसून टाकायचो.

एका संध्याकाळी तिला आणायला गेलो, तर अक्कांनी थांबवलं. “सर, हे ‘तुना बापनं शे का’ म्हनजे काय हो? पोरगी आल्या आल्या सुरू करते. आता बाकीचे लेकरंबी म्हन्तेत. मले वाटलं, गानं असंल.”

“काही नाही, गावाकडचं बडबडगीत आहे.”

“मंग चाल सांगा ना. मीबी म्हनीन.”

मी घड्याळ बघितलं आणि निघालो.

थंडीत प्राचार्यांच्या मळ्यात भरताची पार्टी असायची, सगळा स्टाफ बायकामुलांसकट, त्यातला बराचसा आमच्याच कॉलनीतला. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजायची, ठेचायची, वर हिरवी मिरची आणि कांद्याची पात, सोबत पुऱ्या. त्या वर्षी प्राचार्य मुलांत मूल व्हायच्या बेतात होते. त्यांनी माझ्या मुलीच्या ताटातली पुरी उचलली आणि लाडानं विचारलं, “मी खाऊ का?”

पोरीनं कमरेवर हात ठेवले. “हाई तुना बापनं शे का?”

पंगतीला कळलं. प्राचार्य पिंपळनेरचे, त्यांना सगळ्यांच्या आधी कळलं. पुरी हातातच राहिली. पण कळलं असं दाखवायचं म्हणजे बोली येते हे कबूल करणं आलं. त्यामुळे एकेकानं सुरुवात केली.

“काय म्हणाली हो ती?”

“काहीतरी गावठी असावं.”

“नाही, पण भाषा कोणती म्हणायची?”

प्राचार्यांच्या पत्नीनं मला विचारलं, “कुठं शिकली ही असलं?”

मी म्हणालो, “काय करणार वहिनी, दोघांची नोकरी. पाळणाघरात ठेवावं लागतं.”

या वाक्यात एक अक्षर खोटं नव्हतं, म्हणूनच ते मला इतक्या पटकन सुचलं.

“तरीच!” एक बाई म्हणाली. दुसरी म्हणाली, “शेवटी संस्कार असतात. कोणाकडे ठेवतो, तेही बघावं लागतं.” ‘कोणाकडे’ म्हणजे कोणाकडे, हे कुणी विचारलं नाही. सगळ्यांना ती तसबीर आठवली असणार. मला आठवली.

मग प्राचार्य म्हणाले, “सर, तुमचा विषय आहे. दोन शब्द बोला.” आणि मी बोललो. हातात भरताचं ताट घेऊन, पाळणाघर आणि बालकाचे वर्तन यावर, चांगलं लांबलचक. टाळ्या पडल्या. अकोल्याची बाई अहिराणी शिकवणार कुठून, हा प्रश्न कुणालाच पडला नाही. तो पडायला अक्कांचं बोलणं एकदा तरी कान देऊन ऐकलेलं असावं लागतं.

सगळ्यांत आधी मी मुलीला काढलं. अक्का म्हणाल्या, “माह्याकून काही चुकलं का, सर?”

“छे, छे. माझी बहीण येऊन राहणार आहे.”

त्यानंतर एकेका घरी आजी, मावशी, आत्या राहायला येणार असल्याचं निघालं. इतकी पाहुणी माणसं कॉलनीला झेपली नसती. सुदैवानं कुणीच आलं नाही. मुलं टाय लावून एका नव्या बालमंदिरात जायला लागली. अक्कांचा ओटा ओस पडला. पुढे त्या घर सोडून गेल्या, कुठे ते मी विचारलं नाही.

पार्टीनंतरच्या सकाळी पोरगी वाटीपुढे बसून माझ्या पंज्याची वाट बघत होती. मी म्हणालो, “ते घाणेरडं बोलायचं नाही. कुणी शिकवलं ते?”

“पप्पांनी.”

“नाही. अक्कांनी.”

मी पुन्हा विचारलं, पुन्हा सांगितलं. ‘अक्कांनी’ असं उत्तर आल्यावर बिस्कीट दिलं. आमच्या विषयात याला प्रबलन म्हणतात. पद्धत उत्तम आहे. तिला दुसरं काही आठवत नाही.

आता ती पुण्यात असते. चांगल्या हुद्द्यावर आहे, मुलगा वर्षाचा झालाय. मागच्या दिवाळीत तिनं सासरच्या मंडळींना तो भरताचा किस्सा ऐकवला. सगळे पोट धरून हसले. हसणं संपल्यावर ती म्हणाली, “म्हणून याला मी पाळणाघरात ठेवणार नाही. नोकरी सोडतेय.”

जावई म्हणाले, “बरोबरच आहे. बाबा तर याच विषयातले. बाबा, तुम्हाला काय वाटतं?”

मी म्हणालो, “विचार करून ठरवा.”

तिनं अजून राजीनामा दिलेला नाही. परवा फोनवर म्हणाली, या महिन्याअखेर देणार.

ते शब्द अक्कांचे नव्हते, माझे होते, हे मुलीला सांगण्याचं देणं मी लागतो, आणि राजीनाम्याच्या आधी लागतो. अक्का असतील तिथे शोधून, त्यांच्या दारात, लोकांदेखत हेच सांगण्याचंही देणं लागतो. दोन्ही देणी बाकी आहेत.